नारा दूर आहे, अजिंठा दोन तासांवर : बुलढाण्याच्या तरुणांसाठी दोन दिवसांची धम्मसहल

जपान हे नाव आपल्या वस्त्यांमध्ये परके नाही. नागपूरचे भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई, कामठीचे ड्रॅगन पॅलेस यांच्यामुळे जपान हा बौद्धांचा देश आहे, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असते. अलीकडे मोबाइलवर नारा शहराचे व्हिडिओ खूप फिरतात. तोदाइजी विहारातील पंधरा मीटर उंचीची बुद्धमूर्ती, रस्त्यावर मोकळी फिरणारी हरणे, शेकडो वर्षे जुनी लाकडी विहारे. ओसाका-क्योटोचे लोक शनिवार-रविवार धरून तिथे जाऊन येतात. ते पाहून आपल्या जिल्ह्यातील तरुण कार्यकर्ते विचारतात, 'आपण कधी जाणार? किती खर्च येतो?'

प्रश्न रास्त आहे. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावे. पण ज्या चित्रकलेची सावली नाराच्या परिसरातील भिंतींवर पडली, ती भिंत बुलढाण्याहून दोन तासांच्या अंतरावर उभी आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ती शाळेच्या सहलीत, रांगेत पळत पळत पाहिली आणि पुन्हा तिकडे पाऊल ठेवले नाही. म्हणून या लेखात आपण एका शनिवार-रविवारची आखणी करणार आहोत. शनिवारी अजिंठा, रविवारी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद. कुठे जायचे यापेक्षा कोणत्या क्रमाने पाहायचे आणि पाहून आल्यावर काय करायचे, यावर आम्ही जास्त भर देणार आहोत.

अशी एक सहल १९३४ साली निघाली होती

कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन लेणी पाहायला जाणे ही चळवळीतील जुनी गोष्ट आहे. १९३४ साली बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांनी सहलीची इच्छा व्यक्त केली आणि बाबासाहेब सोबत येणार असतील तरच जाऊ, असे ठरवले. बाबासाहेबांनी होकार दिला. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे त्या सहलीत ठरले होते. म्हणजे धम्मदीक्षेच्या बावीस वर्षे आधी, येवल्याच्या घोषणेच्याही आधी, बाबासाहेबांच्या सहलीचे मुख्य ठिकाण बौद्ध लेणी हे होते.

वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचा होता. प्रवासाने धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराजवळील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. एवढ्यावरून पाणी बाटवले म्हणून आरडाओरड झाली, जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला तो एका अटीवर. आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर नजर ठेवायला एक शस्त्रधारी शिपाई सोबत दिला गेला. हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात नोंदवून ठेवला आहे.

आज आपण त्याच रस्त्याने एसटीत बसून जातो, तिकीट काढतो, बाटलीत पाणी भरून घेतो आणि कोणी अडवत नाही. हा बदल आपोआप झालेला नाही. सहलीला निघण्याआधी त्या प्रसंगाची पाने गटात वाचून घ्यावीत, अशी आमची सूचना आहे.

नारा आणि अजिंठा : नाते काय?

नारा ही इ.स. ७१० ते ७८४ या काळात जपानची राजधानी होती. तोदाइजीच्या महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी इ.स. ७५२ मध्ये झाला आणि तो केला बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूने. तो इ.स. ७३६ मध्ये जपानला पोहोचला होता. नाराच्या जवळच होर्युजी हे विहार आहे. त्याच्या मुख्य सभागृहातील भित्तिचित्रांची तुलना कलेचे अभ्यासक नेहमी अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मधील पद्मपाणी बोधिसत्त्वाशी करतात. शरीराचा तोच हलका बाक, अर्धोन्मीलित डोळे, रेषेतला तोच ठामपणा. ही शैली मध्य आशिया आणि चीन असा लांबचा प्रवास करत तिथवर गेली.

आधुनिक काळात हे नाते एका चित्रकाराने पुन्हा जोडले. अराई काम्पो हे जपानी चित्रकार रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये भारतात आले आणि पुढे अजिंठ्यात राहून त्यांनी भित्तिचित्रांच्या प्रती काढल्या. त्या प्रती तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ च्या महाभूकंपानंतरच्या आगीत त्या जळून गेल्या. पुढे १९४० पासून हेच अराई होर्युजीच्या भित्तिचित्रांच्या प्रती काढणाऱ्या पथकात होते. ते काम चालू असतानाच्या काळात १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. आणि २६ जानेवारी १९४९ रोजी होर्युजीच्या मूळ भिंतींनाच आग लागली.

अजिंठ्याच्या प्रतींचे दुर्दैव एवढ्यावर थांबत नाही. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे राबून काढलेली बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. मुंबईच्या कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन काढलेल्या प्रतींपैकी कित्येक १८८५ च्या आगीत लंडनमध्येच गेल्या. तीन वेळा प्रती काढल्या, तीनही वेळा आगीने घेतल्या. मूळ भिंत मात्र अजून आपल्याकडे आहे. ती पाहताना ही गोष्ट मनात असू द्यावी.

होर्युजीच्या आगीनंतर जपानने काय केले, तेही लक्षात घेण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, तिथे सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा झाला. आज २६ जानेवारी हा दिवस जपानभर वारसास्थळांवरील अग्निसुरक्षेचा दिवस म्हणून पाळला जातो. जपानचे हे भान अजिंठ्यापर्यंतही पोहोचले आहे. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि पर्यटनविकासासाठी जपानने १९९२ आणि २००३ अशा दोन टप्प्यांत कर्जरूपाने साहाय्य दिले.

निघण्याआधी ठरवायच्या गोष्टी

वार : अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. म्हणून शनिवार-रविवार सोयीचा. फक्त सलग सुट्ट्या लागून आलेला आठवडा टाळावा, कारण त्या गर्दीत चित्रांसमोर उभे राहायला मिळत नाही.

ऋतू : पावसाळ्याच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात वाघूर नदीचा धबधबा पाहण्यासारखा असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात. एप्रिल-मे मध्ये आपल्या विदर्भाच्या उन्हाची सवय असली तरी तिथला दगड तापतो आणि वयस्क माणसांचे हाल होतात.

रस्ता : बुलढाणा, चिखली, खामगाव या भागातील मंडळींना बुलढाणा-धाड-अजिंठा हा सरळ मार्ग आहे. अजिंठा गावातून घाट उतरला की फर्दापूर. मलकापूर, नांदुरा, शेगाव या रेल्वेमार्गावरच्या गावांतील लोकांनी रेल्वेने जळगाव गाठावे (खानदेशातले जळगाव, आपले जळगाव जामोद नव्हे). तिथून फर्दापूर सुमारे ६० किलोमीटर आहे आणि एसटी मिळते. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, लोणारच्या गटांना जालना मार्गे आधी संभाजीनगर गाठून सहल उलट्या क्रमाने करता येईल. पहिल्या दिवशी शहर, दुसऱ्या दिवशी अजिंठा.

वाहन : पंधरा-सोळा जणांचा गट असेल तर टेम्पो ट्रॅव्हलर परवडते. पण गटात महिला जास्त असतील तर आधी एसटीचा हिशेब करून पाहा. महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, ज्येष्ठांनाही सवलत आहे. बऱ्याचदा खासगी गाडीपेक्षा हा हिशेब बराच हलका पडतो.

पैसा : सहलीसाठी कुणा पुढाऱ्याकडून गाडी घेऊ नये. गाडीवर बॅनर लागतो आणि थांबे त्यांच्या सोयीचे होतात. तीन-चार महिने आधी गटात भिशीसारखी दरमहा ठरावीक रक्कम जमा करावी. हिशेबाची वही एका मुलीकडे किंवा ताईकडे द्यावी आणि परत आल्यावर तो सर्वांसमोर वाचावा. प्रवास, मुक्काम, दोन वेळचे जेवण, तिकिटे आणि अडीअडचणीसाठी थोडी शिल्लक एवढीच पाच कलमे पुरतात. अजिंठ्याचे प्रवेश तिकीट भारतीयांना ४० रुपये आहे, पंधरा वर्षांखालील मुलांना मोफत. फर्दापूर फाट्यापासून लेण्यांपर्यंत जाणाऱ्या बसचे तिकीट वेगळे.

माणसे : आमच्या कामात आम्ही एक गोष्ट नेहमी पाहतो. 'सहल' हा शब्द ऐकला की मुलींना घरून नकार मिळतो आणि मुले तेवढी जाऊन येतात. त्यामुळे लेण्यांविषयी बोलणारे, व्हिडिओ करणारे, घोषणा देणारे सगळे मुलगेच दिसतात. हे टाळायचे असेल तर महिला मंडळाला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे. किमान दोन प्रौढ ताई किंवा मावशी गटात असाव्यात. मुक्कामाचे ठिकाण आणि परतीची वेळ पालकांना आधी लेखी द्यावी. आजी-आजोबा येत असतील तर अजिंठ्यात डोलीची सोय असते, त्याचा खर्च आधीच धरावा.

शनिवार : अजिंठा, पण क्रमांकाने नव्हे

पहाटे पाचला बुलढाणा सोडले तर आठच्या आत फर्दापूर फाटा गाठता येतो. नाश्ता तिथेच उरकावा, स्वच्छतागृहाचा वापर लेण्यांच्या रांगेत शिरण्याआधी करावा. नऊला प्रवेश सुरू होतो.

इथे बहुतेक गटांची एक गडबड होते. लेण्यांचे क्रमांक हे प्रवेशाकडून पलीकडच्या टोकापर्यंत सरळ दिलेले आहेत. ते काळानुसार नाहीत. लोक १, २, ३ असे मोजत निघतात, निम्म्यात थकतात आणि सर्वांत जुनी व सर्वांत मोठी गोष्ट सांगणारी लेणी घाईत उरकतात. आम्ही सुचवतो तो क्रम असा : १०, १२, १६, १७, १९, २६ आणि परतताना २ व १. एवढी आठ लेणी नीट पाहायला पाच तास लागतात. बाकीची वेळ उरला तर.

लेणे क्रमांक १० हे चैत्यगृह अजिंठ्यातील सर्वांत जुन्या लेण्यांपैकी आहे. काळ इसवी सनापूर्वी दुसरे-पहिले शतक. इथे आराधनेच्या जागी स्तूप आहे, बुद्धमूर्ती नाही. त्या काळी तथागतांची आठवण स्तूप, बोधिवृक्ष, धम्मचक्र अशा खुणांतून जपली जात असे. खांबांवर दिसणाऱ्या बुद्धांच्या रंगीत प्रतिमा काही शतकांनंतरच्या आहेत. भिंतीवर छद्दन्त जातकाचे, सहा सुळ्यांच्या हत्तीच्या कथेचे, जुने चित्र आहे. दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. वासिठीपुत कटहादि नावाच्या व्यक्तीने लेण्याचे हे मुख दान दिले, असे तो सांगतो. आईच्या नावाने स्वतःची ओळख सांगण्याची ही पद्धत गटातील मुलींना जरूर दाखवा. एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी कोरलेले नावही आहे. 'लेण्यांचा शोध त्याने लावला' असे गाइड सांगतात. जगाला माहिती त्याच्यामुळे झाली हे खरे. पण लेणी घडवणारे, दान देणारे, तिथे वर्षावास करणारे त्याच्या दोन हजार वर्षे आधी तिथे होते.

लेणे क्रमांक १२ मध्ये चित्रे नाहीत, म्हणून लोक थांबत नाहीत. आपण थांबायचे. भिक्खूंच्या लहान लहान खोल्या, दगडात कोरलेले ओटे, दारांवरच्या कमानींची नक्षी. इथला लेख सांगतो की हे दान घनामदड नावाच्या व्यापाऱ्याचे आहे. राजाशिवाय काही उभे राहत नाही, असे ज्यांना वाटते त्यांना कटहादि आणि घनामदड दाखवावेत. वर्गणीतून विहार उभे करण्याची आपल्या वस्त्यांची रीत किती जुनी आहे, हे इथे कळते.

लेणे क्रमांक १६ आणि १७ पाशी आपण एकदम पाच-सहाशे वर्षे पुढे येतो. इसवी सनाचे पाचवे शतक, वाकाटक राजा हरिषेणाचा काळ. या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचे वाशीम. मेहकर-लोणारच्या तरुणांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. अजिंठ्याच्या वैभवाचे धागे आपल्याच भागात आहेत. लेणे १६ हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवले, तसा लेख तिथे आहे. लेणे १७ मध्ये चित्रे सर्वांत जास्त टिकून आहेत. वेस्संतर जातक, सिंहलाची कथा, आणि यशोधरा व राहुल यांच्यासमोर भिक्षापात्र घेऊन उभे असलेले तथागत. या चित्रापुढे कुणी काही समजावून सांगू नये. पाच मिनिटे शांत उभे राहावे.

लेणे क्रमांक १९ च्या दर्शनी भागावर बुद्धमूर्तींची गर्दी आहे आणि आत स्तूपावरच बुद्धमूर्ती कोरलेली आहे. सकाळी लेणे १० मधला स्तूप पाहिला असेल तर बदल लगेच डोळ्यांत भरतो. खुणेपासून मूर्तीपर्यंतचा धम्मकलेचा प्रवास एका दिवसात, पायी चालून समजतो. आमच्या क्रमाचे कारण हेच आहे.

लेणे क्रमांक २६ मध्ये सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. खाली शोक करणारे अनुयायी. शेजारी मार आणि त्याच्या सैन्याचा पराभव. हे लेणे बुद्धभद्र या भिक्खूने, अश्मक देशाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ कोरवले. इथे सामूहिक त्रिसरण-पंचशील घ्यायचे असेल तर हळू आवाजात, इतरांची वाट न अडवता घ्यावे.

परतताना लेणे २ आणि १. पद्मपाणी बोधिसत्त्वासमोर होर्युजीची आठवण काढावी. हीच ती रेषा, जी जपानच्या भिंतीवर पोहोचली. दुपारी तीनपर्यंत बाहेर पडावे. फर्दापूरहून सिल्लोड, फुलंब्री मार्गे संभाजीनगर सुमारे शंभर किलोमीटर. संध्याकाळी मुक्कामी पोहोचून रात्री तासभर गटचर्चा ठेवावी. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची : आज पाहिलेले कोणते चित्र किंवा कोणता लेख आधी माहीत नव्हता.

रविवार : औरंगाबाद लेणी आणि नागसेनवन

सकाळी सातला औरंगाबाद लेण्यांकडे निघावे. बीबी का मकबऱ्याच्या मागे, विद्यापीठाला लागून असलेल्या डोंगरात ही लेणी आहेत. अजिंठ्याची गर्दी इथे नसते. इथला एक चैत्य जुन्या काळातला आहे, बाकीची बरीच लेणी सहाव्या-सातव्या शतकाकडची. लेणे क्रमांक ३ च्या गाभाऱ्यात बुद्धासमोर गुडघे टेकून, हात जोडून बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या जवळजवळ माणसाएवढ्या मूर्ती आहेत. राजे नाहीत, देव नाहीत, उपासक-उपासिका आहेत. लेणे क्रमांक ७ मध्ये आग, हत्ती, सर्प, जहाज फुटणे अशा आठ संकटांतून लोकांना सोडवणारा अवलोकितेश्वर आहे. व्यापारी मार्गावरच्या माणसांना कशाची भीती वाटत होती, याची ती जणू यादीच आहे.

डोंगरावरून खाली पाहिले की विद्यापीठाचा परिसर दिसतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे गेली. नामविस्तार प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ रोजी. साडेपंधरा वर्षे. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापुढे फोटो काढण्याआधी हा काळ गटातील ज्येष्ठांनी तरुणांना सांगावा. बुलढाण्यातल्याही अनेक घरांत त्या आंदोलनाच्या आठवणी आहेत.

तिथून नागसेनवन. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले. तेच मिलिंद महाविद्यालय. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसवली गेली. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हे उत्तर देणारे भिक्खू. महाविद्यालयाला बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. रविवार असल्याने कार्यालये बंद असतात. इमारतीत जायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी, नाहीतर परिसरात शांतपणे फिरून यावे.

दुपारचे जेवण करून तीनच्या सुमारास परतीला लागले की रात्री आठपर्यंत बुलढाणा. वेळ आणि अंगात ताकद असेल तर पंधरा किलोमीटरवरच्या दौलताबादला जाऊन १९३४ चा तो प्रसंग तिथेच वाचता येईल. मग घरी पोहोचायला उशीर होईल हे गृहीत धरावे. वेरूळची बारा बौद्ध लेणी मात्र या सहलीत कोंबू नयेत. विश्वकर्मा चैत्य आणि तीन ताल विहार यांनाच अर्धा दिवस लागतो. ती दुसरी सहल.

हात का लावायचा नाही?

अजिंठ्याची चित्रे ओल्या गिलाव्यावर रंगवलेली नाहीत. माती, शेण, तूस वगैरे मिसळून केलेल्या लेपावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो सुकल्यावर त्यावर रंग दिले आहेत. त्यामुळे ओलावा, घाम, श्वासाची वाफ यांनी हा थर सुटतो. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक लोकांनाच आत सोडतात आणि फ्लॅश वापरू देत नाहीत, ते याचसाठी. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांना बोलावून चित्रांवर संरक्षक लेप दिला. तो पुढे पिवळट पडला आणि काढण्यासाठी नंतरच्या तज्ज्ञांना मोठी मेहनत घ्यावी लागली. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचीही भिंत अशी किंमत मोजते. म्हणून मूर्तीला हार घालणे, मेणबत्ती-अगरबत्ती लावणे, निळा रंग किंवा नाव लिहिणे यातले काहीही आपल्या गटाकडून होऊ नये. वंदना मनाने होते. धूर भिंतीवर बसतो.

परत आल्यावर : भोन

या सहलीचा शेवटचा थांबा आपल्याच जिल्ह्यात आहे. संग्रामपूर तालुक्यात, शेगावच्या उत्तरेला पूर्णा नदीच्या काठी भोन हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. भास्कर देवतारे यांच्या नेतृत्वाखाली २००२ नंतरच्या काही वर्षांत इथे उत्खनन झाले. त्यात सातवाहन काळातील वस्तीचे अवशेष, मातीच्या कड्या रचून बांधलेल्या विहिरी आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले. अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या काळात आपल्या पूर्णेच्या काठी बौद्ध उपासकांची वस्ती नांदत होती, याचा हा पुरावा आहे. आणि हे ठिकाण जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते.

इथे नारा पुन्हा उपयोगी पडते. नाराचा प्राचीन राजवाडा लाकडी होता. राजधानी हलली आणि त्या जागी भातशेती झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तनादा काजुरो नावाच्या रोपवाटिका चालवणाऱ्या साध्या माणसाने ती जागा वाचवण्यासाठी आयुष्य वेचले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका रेल्वे कंपनीने तिथे रेल्वेगाड्यांचा डेपो बांधायचे ठरवले, तेव्हा जपानभर लोकांनी आवाज उठवला आणि सरकारला ती जमीन विकत घ्यावी लागली. १९९८ मध्ये ती जागा जागतिक वारसा यादीत गेली. तिथे उभी इमारत नव्हती. जमिनीखालचे पाये होते, जसे आपल्या भोनला आहेत.

आम्ही सिंचनाच्या विरोधात नाही. आपलेच शेतकरी आणि शेतमजूर पाण्याची वाट पाहत आहेत, आणि बुडणाऱ्या गावांत पुनर्वसनाची वाट पाहणारे लोकही आपलेच आहेत. त्यामुळे भोनचा प्रश्न घोषणेपुरता मांडून चालणार नाही. स्तूपाच्या जागेचे संरक्षण कसे होऊ शकते, शक्य नसेल तर पूर्ण उत्खनन, नोंद आणि अवशेषांचे शास्त्रीय स्थलांतर कधी होणार, सापडलेल्या वस्तू जिल्ह्यातील लोकांना कुठे पाहायला मिळणार, हे नेमके प्रश्न माहितीच्या अधिकारात आणि निवेदनांतून विचारायला हवेत.

अजिंठ्याहून परतलेल्या प्रत्येक गटाने महिन्याभरात तीन कामे करावीत. एक, विहारात तासाभराची बैठक घेऊन पाहिलेल्या आठ लेण्यांची माहिती वस्तीला सांगावी, आणि ती मुलींनी सांगावी. दोन, एका रविवारी गावकऱ्यांना भेटून, त्यांच्या संमतीने भोनची जागा पाहून यावे. तिथून वीट, खापर काहीही उचलू नये. तीन, वरच्या प्रश्नांपैकी किमान एक प्रश्न लेखी स्वरूपात जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पुरातत्त्व विभागाकडे द्यावा आणि पोच जपून ठेवावी.

पुढच्या महिन्याचे कॅलेंडर काढा, सलग सुट्टी नसलेला एक शनिवार-रविवार निवडा आणि पहिली बैठक या आठवड्यात बोलवा.

जयभीम, नमो बुद्धाय.